भाऊजींचं गुन्हेगार-मानसशास्त्र

माझ्या धाकट्या दिरांइतका गुन्हेगारांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात नव्हता, आणि त्यांच्यापायी आमच्याइतकी मान खाली घालावी लागलेलं घरही निरगुडसरात नव्हतं. नव्वदच्या दशकात मंचरला मानसशास्त्र घेऊन बी. ए. करतानाच त्यांनी ठरवून टाकलं, की पुढे एम. ए., मग फॉरेन्सिक सायकॉलॉजी आणि मग तुरुंगातल्या माणसांची मनं तपासायची. हे कुठे शिकवतात ते विचारायला ते एसटीने पुण्याला खेटे घालायचे. सासरे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "पोरगं चोरांचा डॉक्टर व्हनार हाय," आणि पाहुणे मुलीचा विषयच बंद करायचे. सराव मात्र घरातच चाले. साय कुणी खाल्ली हे भाऊजी आमच्या पापण्यांवरून ओळखत आणि दर वेळी मांजराला सोडून सासूबाईंना पकडत. राजुरीच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच विचारलं, "घाम का येतोय? काय लपवताय?" मी पदर तोंडाशी धरून पंगतीतून उठले. दुसरं काय करणार?

एकदा माझे यजमान टोमॅटोच्या टेम्पोबरोबर मुंबईला गेलेले असताना भावकीच्या सामाईक विहिरीवरची मोटार गायब झाली. भाऊजींना आनंद लपवता येईना. त्यांनी सगळ्या भावकीला ओट्यावर बसवलं आणि जुन्या लोकांच्या रीतीने प्रत्येकाला चिमूटभर कोरडे तांदूळ चघळून थुंकायला दिले. "वैनी, खोटं बोलनाऱ्याचं तोंड सुकतं. शास्त्र हाय ते!" सगळ्यांचे तांदूळ ओले निघाले, कोरडे निघाले ते फक्त आमच्या चुलत सासऱ्यांचे, नानांचे. नाना बिचारे एसटीचा कंडक्टर दिसला तरी तिकीट हातात धरून उभे राहणारे. "आरं, म्या न्हाई रं," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी यजमान परतले. मोटार जळाली म्हणून त्यांनीच जाता जाता ती कळंबला वायंडिंगला टाकली होती. घरी सांगायचं राहून गेलं, म्हणे! लाजेने आमच्यातलं कुणी विहिरीकडे फिरकेना.

भाऊजी मात्र नानांच्या दारात गेले आणि साऱ्या भावकीदेखत त्यांच्या पाया पडले. नानांनी उठवलं, चहाही पाजला. म्हणाले, "तुज्यावर राग न्हाई रं. पर आता चारचौघांत बसलो का तोंड सुकतंच. लोकं बघत्यात." त्यानंतर नाना भावकीच्या बैठकीला आले तरी कडेला उभे राहत आणि लवकर निघून जात. त्यांना तसं पाहिलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भाऊजी एम. ए. झाले. पुढे शहरातल्या मुलांच्या सुधारगृहात समुपदेशक म्हणून लागले. तिथे आलेल्या पोराला ते आधी पाणी देतात आणि बराच वेळ काही विचारतच नाहीत.

नाना वारले तेव्हा ते रजा काढून आले. दहाव्याला सगळी भावकी बसली, भाऊजी एकटेच उभे. मी सतरंजीवर जागा करून दिली.

"नको वैनी," ते हळूच म्हणाले. "नाना कितीक वर्सं बसलं न्हाईत भावकीत."