पोस्टरवरची गाठ

पालघरच्या कॉलेजात असताना आम्ही चौघांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा मागून आणून स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलीवर लघुपट केला. 'स्वमग्न' हा शब्द मीही तेव्हाच शिकलो होतो. प्रेक्षक यावेत म्हणून मी बोईसरच्या मासळीबाजाराच्या भिंतीवर पोस्टर चिकटवत होतो. त्यावर सिनेमातल्याच एका प्रसंगाचा फोटो होता, खाटेला दोरीने बांधलेला एक लहान हात आणि खाली 'मुलांना बांधू नका' असं लिहिलं होतं. तो प्रसंग मी कल्पनेने रचला होता. मला त्याचा मनातून अभिमानही होता.

समोर बोंबील विकणारी एक बाई गिऱ्हाईक सोडून उठली. ओले हात लुगड्याला पुसून तिने फोटोतली गाठ बोटाने चाचपली.

"ही कुनी बांदली रे?"

"मीच, मावशी."

"हॅ! एवढा शिकलेला तू, नि गाठ अशी? पोरीचा हात काळानिळा व्हईल. आदी फडकं गुंडाळायचं, मंग दोर."

तिने माझं मनगट धरलं, माझाच रुमाल त्याभोवती गुंडाळला आणि वर सुतळीची गाठ मारली. मी हात ओढून पाहिला. तो सुटत नव्हता आणि दुखतही नव्हता.

"मोकळी ठेवली तर माजी पोर दर्यात जाते," गाठ सोडत ती म्हणाली. "तुमच्या शिनेमातली आय बाजारात गेली की पोरीला कोन बगतं?"

आमच्या सिनेमातली आई दिवसभर घरीच होती.