नावापुढचं गाव

सन बत्तीस-तेहेतीसचा उन्हाळा असेल. आमचे सर मानववंशशास्त्र शिकवायचे. पुढं त्यांच्या ग्रंथांवर दोन पिढ्या शिकल्या. पण तेव्हा ते सुट्टीभर सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये उन्हात बसून वंशावळी लिहून घेत, आणि मी गावचाच विद्यार्थी म्हणून त्यांच्या हाताखाली. सरकारनं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तिथं तारेच्या कुंपणात कोंडल्या होत्या. दिवसातून दोनदा हजेरी, आणि पोरं आईबापांपासून तोडून वसतिगृहात. हा कायदाच मोडीत काढा, असे अर्ज सर वर्षानुवर्षं करत होते.

लिहिताना त्यांचा एक कडक नियम असे. नातं लिहायचं, कोण सध्या कुठं आहे ते लिहायचं नाही. मला तो शुद्ध खुळेपणा वाटे. अर्धवट माहिती कसली आलीय शास्त्रात! एका पारधी बाईनं आपली पोरगी लपवली होती आणि कचेरीत ती मेली म्हणून सांगितलं होतं. मला मात्र विश्वासानं खरं सांगितलं. मी शहाण्यानं पोरीच्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं: दुधनी, मावशीकडं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला कारकून माझ्या वंशावळीच्या तक्त्याची तारीफ करत आला. मी हुरळलो आणि तक्ता त्याच्यापुढं पसरला. त्याचं बोट फिरता फिरता दुधनीपाशी थांबलं.

धावत जाऊन सरांना सांगितलं. ते तडक सेटलमेंटच्या साहेबाकडं गेले. दोन तास भांडले. पण तोवर दुधनीला तार गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं पोरीला आणलं आणि आईच्या डोळ्यांदेखत वसतिगृहात नेलं.

सकाळी सर मला घेऊन त्या बाईपुढं उभे राहिले. चूक माझी आहे, असं म्हणाले. माझ्याकडं बोटसुद्धा केलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमाला लेक हाय?” तिनं सरांना विचारलं.

“आहे. सात वर्षांची.”

“कुटं असती?”

सरांनी पुण्यातली पेठ सांगितली, घराची खूण सांगितली, पोरगी शाळेला जाते ती वाटही सांगितली.

“मग ह्याला लिवू द्या की,” ती म्हणाली.

मी सरांकडं बघितलं.

“लिही,” ते म्हणाले.

सरांच्या त्या पोरीला मी खांद्यावर खेळवलेलं. पेठ, खूण, शाळेची वाट, सगळं मी लिहिलं, आणि बाई नुसती माझ्या हाताकडं बघत होती.