रिकाम्या हातांनी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, कानडी शहरातल्या चिकपेट बाजारात शिंप्याचं दुकान होतं. साठ साल नुकतंच उलटलं होतं. पुढे समाजकार्याची पदवी घ्यायची म्हणून बी.ए.ला मी समाजशास्त्र घेतलं, तेव्हा ते मशीन न थांबवता म्हणाले, "लोकांच्या उपयोगी पडायला कॉलेज कशाला लागतं? तुझी आजी फुकटच पडायची."

पण नको म्हणाले नाहीत. अट एकच घातली. अभ्यासाचा भाग म्हणून शनिवारी गिरणीमागच्या वस्तीत घरोघरी माहिती विचारत जावं लागायचं, तिथं आईनं सोबत यायचं.

आई आनंदानं आली. मात्र कुणाच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलेलं. दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची झबली शिवून ती पिशवीत घालून आणायची. मी दारात उभी राहून पाठ केलेले प्रश्न अडखळत विचारायची, तोवर आई आत बसून कुणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन त्याला झबलं घालून बघत असायची. बायका तिच्याशीच बोलायच्या. नवऱ्याचं पिणं, सुटलेलं काम, सगळं. परतताना आम्ही दोघी त्याबद्दलच बोलत चालायचो. घरात आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

एकदा आमच्या शिक्षिका वस्ती बघायला आल्या. बायका आईभोवती जमलेल्या. एकीनं बाईंनाही विचारलं, "अक्का, तुम्ही काय आणलंत?"

सोमवारी बाईंनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुझी आई फार चांगली आहे. पण त्या बायका आता पिशवीची वाट बघतात. आपण द्यायला जात नाही. त्यांचं त्यांना उभं राहता यावं म्हणून जातो. एकटी जाणार असशील, तरच मी तुला पुढं घेईन. नाहीतर दुसरा विषय बघ."

घरी हे सांगताना मान वर करवेना. अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे, मग दुसरा विषय घे. संपलं."

आई भाकरी थापत होती. "जाऊ द्या तिला एकटीला," ती म्हणाली. "वस्ती मी बघितलीय. माणसं चांगली आहेत."

तिच्या शब्दावर अण्णा तयार झाले.

पुढच्या शनिवारी मी एकटी जाऊन आले. आई दारातच होती. "त्या कोपऱ्यातल्या घरचं पोर दूध प्यायला लागलं का गं? त्याचा बाप परत आला?"

एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, असं बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. आई सोबत असताना मला ते कधी आठवलं नव्हतं. आता नेमकं आठवलं.

"आई, तसं सांगायचं नसतं."

"हो का," ती म्हणाली आणि माझं ताट वाढायला आत गेली.

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. नियम बरोबरच होता, पुढे नोकरीभर मी तो पाळला. तरी, पोर दूध पितंय एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं अजून वाटतं. मला पदवी मिळाल्यावर शेजारणी आईला विचारायच्या, मुलगी नेमकं काय काम करते? आई म्हणायची, "चांगलंच करत असणार. आपण विचारायचं नसतं."