मिटलेलं पान

आमच्या कंपनीत निघोजचे एक फिटर आहेत, ते कुणाच्याही लग्नात आधी वाढायला घेतात. कुणी ताटावर हात आडवा धरला की त्यांना चेवच येतो. "न्हाई म्हनू नका, जागा हाय अजून," म्हणत ते बोटांच्या फटीतून बुंदी सोडतात.

स्टोअरमधल्या केरळी साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. साहेबांनी जेवून केळीचं पान मिटलं. त्यांच्याकडे ती पोट भरल्याची खूण. फिटरांनी ते पान उघडून वर गोड पायसम ओतलं. मी लाजून मान खाली घातली. साहेबांनी मात्र ते चाटूनपुसून संपवलं.

परवा फिटरांच्या मुलीचं लग्न झालं. शेवटच्या पंगतीत त्यांनी ताटावर हात धरला, तर समोर बुंदीची बादली घेऊन साहेब उभे. एरवी हिंदीतच बोलणारा तो माणूस शांतपणे म्हणाला, "जागा हाय अजून."