स्टेपनीखालची खूण

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या नवऱ्याला आजही नीट सांगता येत नाही. इथे कतारमध्ये, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये कुणी विचारलं की तो म्हणतो, "ती जुन्या गाड्यांच्या पार्टांवर संशय घेते." घ्या. इतकी वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये घाम गाळतेय आणि घरी ही किंमत. पण खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं बरोबर आहे. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या दांडग्या अमेरिकन गाड्या, लांबलचक बॉनेटच्या, सुरू केल्या की शेजारच्या दुकानाच्या काचा थरथरवणाऱ्या, आमच्याकडे पुन्हा उभ्या करायला येतात. त्यातलं काय कारखान्यातून गाडीबरोबर आलं आणि काय नंतर कुणी आणून बसवलं, ते मी बघते. मी हो म्हटल्याशिवाय आमचं गॅरेज कुठल्याही गाडीला ओरिजिनल म्हणत नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

गॅरेजचे मालक रत्नागिरीकडचे. मी त्यांना भाई म्हणते, ते मला ताई म्हणतात. मनाने सोनं, पण घाईचा माणूस. निम्मी वाक्यं यल्लाने, म्हणजे 'चला'ने, सुरू होतात आणि उरलेली खलासने संपतात.

माझ्याकडे मेटलर्जीची डिग्री आहे, पण नजर आहे ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नाशकात भांड्यांच्या दुकानाबाहेर पाटावर बसून ते भांड्यांवर नावं घालायचे. लग्नातली ताटं, बारशाच्या वाट्या, वास्तुशांतीचे डबे. वर 'सप्रेम भेट', खाली देणाऱ्याचं नाव, छिन्नी-हातोडीने ठिपक्याला ठिपका लावून. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. कुठलंही भांडं उलटं केलं की हे अण्णांनी घातलंय की पलीकडच्या दुकानातल्या काकांनी, ते मी बघताक्षणी सांगायची. काकांचा हात जड होता, त्यांचा प्रत्येक ठिपका उजवीकडे कलायचा. गंमत म्हणजे आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं. शेजारी गेलेली आमची वाटी परत येताना दुसऱ्याचीच येते, म्हणून आई कुरकुरायची. "रविवारी घालतो," अण्णा म्हणायचे. तो रविवार काही आला नाही.

गेल्या हिवाळ्यात अल रुवैसहून, उत्तरेच्या किनाऱ्यावरून, एक म्हातारे कतारी गृहस्थ आले. आम्ही सगळे त्यांना हाजी म्हणायला लागलो. मागे एका ट्रॉलीवर त्यांची गाडी होती, निळी, गंजलेली, एक दिवा फुटलेला. तरुणपणी अशीच गाडी त्यांच्याकडे होती. पुढे वडिलांच्या बोटीचं इंजिन निकामी झालं, मासेमारी थांबली, तेव्हा यांनी गाडी विकून बोटीला इंजिन आणलं. वडील जाऊन जमाना झाला. पण गाडी मनातून गेली नाही. कितीतरी वर्षं शोध घेतल्यावर एका दलालाने ही आणून दिली होती आणि छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तुमचीच आहे, नंबर जुळतोय.

हाजी मोडक्या हिंदीत मला एवढंच म्हणाले, "मॅडम, ये मेरा गाडी है, या उसका माफिक दूसरा? बस इतना बोलो."

नंबर जुळत होता, हे खरं. इंजिनावर एक सपाट पट्टी असते, तिच्यावर कारखान्यात गाडीचा नंबर ठोकलेला असतो. हाजींनी जपून ठेवलेल्या कागदावरचा आकडा आणि हा आकडा एकच. भाईंनी लगेच चहा मागवला. मी भिंग काढलं. कारखान्यातलं यंत्र ती पट्टी कापतं तेव्हा तिच्यावर बारीक समांतर रेघा राहतात, आणि आकडे त्या रेघांवर बसतात. इथे रेघाच नव्हत्या. पट्टी आरशासारखी गुळगुळीत. कुणीतरी जुना आकडा घासून काढला होता आणि नवा ठोकला होता, एकेक करून, हाताने. त्यातला सातचा आकडा तर सरळ उजवीकडे कललेला. मला पाटावर बसलेले काकाच आठवले.

डॅशबोर्डवरच्या नंबराच्या पट्टीचे रिवेटही नवे निघाले. म्हणजे तीही काढून पुन्हा लावलेली, किंवा अख्खी नवीच.

"पण हा नंबर दलालाला कळला कसा?" भाईंनी विचारलं. उत्तर हाजींकडेच होतं. गाडी सापडावी म्हणून त्यांनीच तो नंबर गावोगावच्या दलालांना वाटला होता. सरळ मनाचा माणूस. आपण चोराच्या हातात किल्ली देतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की इंजिन या गाडीचं नाही, आणि गाडी तुमची आहे का ते मला अजून माहीत नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की मला स्वतःचाच राग आला. भाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, एवढं ताणू नका हो. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय तर वाटू दे की."

"खोटं सांगून बरं वाटवायचं असेल तर दलाल होताच की," मी म्हटलं. भाई फणफणत निघून गेले. माझंही डोकं तापलं होतं.

परत येऊन मी हाजींना विचारलं, "या गाडीवर अशी एखादी खूण होती का, जी तुम्ही कुणालाच सांगितली नाही?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मी हात वर केला. मला सांगू नका. मला सापडली तर मी बोलावते.

हे ऐकून भाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, सांगत होते ते! विचारलं असतं तर आत्ता खलास झालं असतं." पण एकदा कळलं की डोळे तेच शोधतात, आणि शोधणाऱ्याला ते कुठेही दिसतं. गंजाचा डागसुद्धा मग खूण वाटायला लागतो. मला तसली खूण नको होती.

मग सुरू झाली उस्तवार. गाडीवर रंगाचे थर होते, निळ्याखाली लाल, लालखाली पांढरा. रंग काढायचा तो औषध लावून, लाकडी पट्टीने खरवडून, असं मी बजावलं होतं. आमच्या पेंटरला हे अजिबात पटत नव्हतं. आपली माणसं कामाला वाघ, पण वस्तू चकाचक केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घरी पाहुणे यायचे म्हटलं की तांब्या चिंचेने घासतात, तसं हे पत्रा घासतात. कारखान्याने सोडलेला रंगाचा ओघळसुद्धा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. कितीतरी गाड्यांचा पुरावा अशा चांगल्या हेतूने घासला गेलाय.

एका सकाळी मी गॅरेजमध्ये शिरले तर पेंटर डिकीत वाकलेला, हातात ग्राइंडर. स्टेपनी ठेवतात तिथल्या पत्र्यावर पुट्टीखाली बारीक खड्डे निघाले होते, ते तो सपाट करणार होता. "कुणीतरी पत्र्याची वाट लावलीय, मॅडम. दोन मिनिटांत गुळगुळीत करतो." मी किंचाळलेच. बिचाऱ्याच्या हातून ग्राइंडर पडला.

मी डिकीत जवळजवळ झोपून उरलेली पुट्टी नखाने काढली. वर तीन खड्डे, खाली ठिपक्यांची आडवी ओळ, तिचं एक टोक वर वळलेलं. दगड उडून असे खड्डे पडत नाहीत. ठिपक्याला ठिपका लागलेला होता, अंतर सारखं, घाव सारखा. खिळा आणि हातोडी घेऊन कुणीतरी सावकाश, मन लावून ते घातलं होतं. ही भाषा मला पाळण्यापासून येते.

हाजी अल रुवैसहून आले तेव्हा डिकी मी चादरीने झाकून ठेवली होती. त्यांच्यापुढे एक पुठ्ठा आणि पेन्सिल ठेवली. त्यांनी आधी तीन टिंबं काढली. मग खाली रेघ, आणि तिचं टोक वर वळवलं. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी चादर ओढली.

हाजी खाली वाकले आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेले. मग त्यांनी सांगितलं. ही खूण त्यांच्या वडिलांची, बोटीच्या नांगरावर आणि मासे धरायच्या पिंजऱ्यांवर ते हीच घालायचे. गाडी घरी आली त्याच दिवशी वडिलांनी खिळा घेऊन डिकीत ती ठोकली. "मैं बहुत गुस्सा हुआ," हाजी म्हणाले. "नया गाडी था." आणि डिकीच्या कडेला डोकं टेकवून रडले. भाई तोंड फिरवून उगाच पान्हे मोजायला लागले. मी मात्र तिथेच उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

म्हणजे दलालाला गाडी खरीच सापडली होती, पण मधल्या काळात इंजिन बदललेलं होतं, म्हणून त्याने नंबर ठोकून जुळवला होता. गाडी पूर्ण झाली. डिकीतला तेवढा पत्रा आम्ही तसाच सोडला, वर फक्त पारदर्शक लेप. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात हाजींनी गाडीपुढे पाटी लावली, इंजिन मूळचं नाही, बाकी गाडी माझी आहे. लोक इंजिनाऐवजी डिकी बघायला गर्दी करत होते. भाई प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या ताईंनी शोधलं." जणू चादर त्यांनीच ओढली होती.

नंतर हाजी घरी आले, लांब चोचीची पितळी दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची किटली, घेऊन. कामाच्या दिवसांत मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं होतं. दल्ला उलटी करून रिकामा तळ दाखवत ते म्हणाले, "तुम्हारा लोग नाम डालता है ना? डालो."

अण्णांची छिन्नी माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये असते. लेक शेजारी उभी राहून विचारत होती, "आई, युअर नेम?" मी नकारार्थी मान हलवली. जन्मभर अण्णांनी अख्ख्या गावाची नावं घातली, स्वतःचं कुठेच नाही. मी दल्ला मांडीत घेतली आणि अण्णांचं नाव घातलं. आमच्या घरातलं नाव असलेलं ते पहिलं भांडं. ठिपके जरा डावीकडे कललेत. ते अण्णांचे नाहीत, माझे आहेत, जाणकार बघताक्षणी सांगेल.