ओल्या लाकडांचा धूर

परवा एका कॉलेजात पोरांनी मला विचारलं, "मॅडम, तुमची प्रेरणा कोण?" त्यांना हिमालय हवा होता, नाहीतर आजोबांचा जुना कॅमेरा. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. गावोगाव फिरून फोटो काढणं हा माझा धंदा, आणि त्या धंद्यात जे काही शिकले ते एका माणसाचा तिटकारा येऊन शिकले.

तेव्हा मी कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढत होते. नेमक्या अक्षता पडताना डोळे मिटणाऱ्या नवऱ्या, "आमचा एक बी काढला न्हाय" म्हणून पंगतीतून उठणारे मामा. काम वाईट नव्हतं, पण मला लांब जायचं होतं. अशात पुण्याचे एक सर आले. प्रवासातल्या फोटोंसाठी त्यांचं मोठं नाव. हौशी लोकांची बस भरून ते 'अस्सल ग्रामीण जीवन' टिपायला निघत आणि त्यांना वाटा दाखवायला इथलं कुणीतरी लागे. शिकायला मिळेल म्हणून मी तयार झाले.

सरांच्या अंगात बिनबाह्यांचं खाकी जाकीट असायचं. त्याला खिसेच खिसे. एकाही खिशातून कधी काही निघालेलं मी पाहिलं नाही. बोलायचे अगदी हळू. "फ्रेमला श्वास घेऊ द्या," असं म्हणायचे आणि सगळी बस माना डोलवायची.

पहिल्यांदा आम्ही तालमीत गेलो. पैलवानांची मेहनत उरकली होती, दूध पीत बसले होते बिचारे. सरांनी त्यांना पुन्हा आखाड्यात उतरवलं, अंगावर माती उधळायला लावली. माती नाकातोंडात गेली, एक जण खोकून खोकून लाल झाला. सर म्हणाले, "छान! आता परत एकदा, पण जरा नैसर्गिक."

तिथून कागलकडं निघालो. पंचतारांकित एमआयडीसीपाशी शिफ्ट सुटत होती. तोंडाला ओढण्या बांधलेल्या बायका स्कूटीवरून निघाल्या होत्या. ग्रीसनं काळे झालेले हात अंगापासून लांब धरून माणसं टपरीवर उभी होती, आणि हात धुतलेला एक जण दुसऱ्याच्या तोंडाला चहाचा कप लावत होता. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही फारसं पाहिलेलं नाही. सर म्हणाले, "कॅमेरे ठेवून द्या. इथं काही नाही." सगळ्यांनी ठेवले. मी खिडकीतून फोटो काढला, तर माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले आहे.

परत येताना सरांना 'खेड्यातलं घर' हवं होतं. गडमुडशिंगीत माझी चुलती राहते. चहाच्या निमित्तानं तिच्याकडं नेलं. काकीच्या दोन म्हशी, डेअरीला दूध, स्वयंपाकघरात फरशी, गॅस, मिक्सर. सरांनी आत डोकावलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मग घरामागच्या परड्यात गेले. तिथं अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. "हे!" ते ओरडले. "हे खरं घर!"

काकी गाऊनवर होती. सर म्हणाले, "मावशी, नऊवारी नाही का?"

"मी कुठली नेसतीया? सासूचं लुगडं हाय ट्रंकंत."

"तेच नेसा ना."

काकीनं माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली, पण दारात आलेल्या पावण्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. ती मेलेल्या सासूचं लुगडं नेसून चुलीपुढं बसली. लाकडं वाळकी होती, झटकन पेटली. सरांना धूर पाहिजे होता. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी लाकडांवर शिंपडलं.

"अहो, आवंदा पावसाळ्यात बी मी लाकडं भिजू दिली न्हाईत," काकी म्हणाली.

"फुंका, मावशी. फुंकत राहा. वर बघू नका."

काकी फुंकत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा सगळे कॅमेरे एकदम वाजले. मी पुढं होऊन चुलीवर घागर ओतली. सर शांतपणे म्हणाले, "हरकत नाही, मिळालं मला." चहा तसाच राहिला. त्या दिवशी मी त्यांचं काम सोडलं.

पुढं त्यांचं प्रदर्शन कोल्हापुरात भरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, तर काकी हट्टानं माझ्यासोबत आली, चांगली इस्त्रीची साडी नेसून. दालनात शिरताच समोर भिंतभर तीच होती. खाली लिहिलं होतं, 'अंधारातली माय. आयुष्य धुरात गेलं, उजेड आलाच नाही.'

काकीनं ते मोठ्यानं वाचलं. मग सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं, ही मीच की! आणि उजेड न्हाय कसा? बोर्डाची लाईट हाय, इन्व्हर्टर हाय!"

लोक वळले. सर हात पसरून आले. "आजी! तुम्ही आलात!"

"आजी कुणाची? तुमच्याच वयाची असंन मी. अवो मंडळी, ह्यांनी वल्ली लाकडं करून मला धुरात बसीवली, ते बी लिवा की खाली!"

मला वाटलं, झालं. आता माणूस उघडा पडला. मी मनातून खूश झाले. पण लोक हसले, प्रेमानं हसले. "किती निरागस!" एक बाई म्हणाल्या. दुसरीनं काकीबरोबर सेल्फी काढला. सरांनी काकीच्या खांद्यावर हात टाकला आणि पेपरवाल्याला खूण केली. दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी आली, कलावंत आणि त्याच्या माऊलीच्या हृद्य भेटीची. माऊलीच्या कपाळाला आठ्या होत्या. त्या कुणाला दिसल्या नाहीत. डोळस लोक सगळे.

प्रदर्शनातून परतताना रिक्षात काकीनं आधी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "डोळ्यात पानी धुरानं आलतं. लोकं म्हंत्यात दुःखानं. मला दुःख न्हाय असं न्हाय. पर ते मी ह्याला दावलंतं कवा?"

माझं सगळं शिक्षण त्या रिक्षात झालं. कला, रचना, प्रकाश ही सरांची भाषा मी तिथंच टाकली. त्यानंतर मी एकटी फिरायला लागले. आसाम, स्पिती, कच्छ. कुठंही गेले की आधी बसते, बोलते, आणि माणसालाच विचारते, कुठं उभं राहणार? कुणी ट्रॅक्टरपाशी उभं राहतं, कुणी मुलीच्या पदवीच्या फोटोखाली. बरेच जण नको म्हणतात, मग मी कॅमेरा बाहेर काढत नाही. असे फोटो मासिकांना आवडत नाहीत. एका संपादकानं सांगितलं, "यात ते लोक फारच आपल्यासारखे दिसतात." आपल्यासारखेच बघायचे तर वाचकानं म्हणे विमानात कशाला बसायचं. मी ते फोटो परत घेतले. पोटासाठी अजून लग्नं करते.

गेल्या थंडीत राजस्थानात होते. वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी फोटोवाल्यांची रांगच्या रांग पोटावर पालथी पडली होती, सगळ्यांच्या अंगात खिशांची जाकिटं. समोर माथ्यावर एक उंटवाला. सूर्य बुडत होता आणि तो फोनवर बोलत होता. रांगेतून आरडाओरडा सुरू झाला, "फोन रख! फोन रख!"

मी चढून त्याच्याजवळ गेले आणि वाळूत बसले. त्याच्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली होती, तीच त्याला खोलीतल्या कपाटापासून पंख्यापर्यंत सगळं सांगत होती. बोलणं संपल्यावर मी विचारलं, फोटो काढू का? त्यानं मुलीला पुन्हा फोन लावला, स्पीकरवर घेतला आणि हसत उभा राहिला. खालून लोक मला शिव्या देत होते, बाजूला हो म्हणत होते.

सूर्य पुरता बुडेपर्यंत मी तिथून हलले नाही.