जड झालेले हात

रविवारची दुपार. पाळकगृहाच्या पुढच्या खोलीत सुवार्ता पाटोळे चटईवर आडवी होते. आठ महिन्यांपूर्वी ती ख्रिस्ती मंडळीची पाळक म्हणून या गावात आली तेव्हा देवळात बाकं पुरत नव्हती. आज सकाळी उपासनेला अकरा माणसं होती. संध्याकाळच्या शास्त्रपाठाचा विषय आहे, देवाच्या लोकांचा पुढारी कसा असावा. वहीत तिनं लिहिलंय: धीर. निष्ठा. नम्रता. तिथंच पेन थांबलंय.

महिन्याभरापूर्वी तिनं उपासनेची वेळ दहाची आठ केली. मंडळीतले सर्वांत वयस्कर पंच, हनोखमामा, सभेत उठून म्हणाले, "पाळकबाई, आठला आमच्या बाया कांद्याच्या वावरात असतात."

"पाळक मी आहे, मामा," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

मामा खाली बसले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. हळूहळू बहुतेक मंडळी यायची थांबली.

पंख्याची घरघर लांब जाते. पापण्या जड होतात.

उशाशी अण्णा बसलेत. तिचे वडील. तेही पाळक होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अंगात पांढरा झगा, त्याच्या काठाला सायकलच्या साखळीचं वंगण.

"झोपलीस होय गं?"

"नाही अण्णा. पाठ तयार करतेय."

"मग ऊठ. हात वर कर."

ती उठते तर पायाखाली टेकडीचा मुरूम आहे. देवळातली बाकं उतारावर मांडलीत, सगळी रिकामी. खाली वावरात लढाई चाललीय. आवाज नाही, नुसती धूळ. बायबलातल्या मोशेचं होतं तसंच: तिचे हात खाली आले की खालची माणसं हरणार, एवढं तिला कळतंय.

"मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्यानं काय केलं?" अण्णा विचारतात.

"सोबतच्या अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले."

"त्यांचं नाही विचारलं. त्यानं काय केलं?"

खांदे भरून आलेत.

"तो दगडावर बसला, सुवा. थकलाय हे लपवलं नाही त्यानं. तुझ्या वहीत हे नाही."

"तुम्ही कधी बसलात, अण्णा?"

आता ते तिच्या लहानपणीच्या स्वयंपाकघरात आहेत. अण्णा पाटावर, पुढ्यात एकच ताट.

"नाही बसलो," ते म्हणतात. "लोक म्हणायचे, केवढा खंबीर पाळक! पण दारावरून जाताना कुणी हाक मारत नव्हतं. मला वाटायचं, हाच मान."

तिचे हात अजून वरच आहेत. डावा हात खाली येऊ लागतो, तोच अण्णा पुढं झुकून मनगट घट्ट पकडतात.

"मी किती वेळ धरणार, बाळा? मी तर गेलोय."

ती जागी होते. साडेचार वाजलेत. खोलीत कुणी नाही. डाव्या मनगटावर एका बाजूला चार लाल वळ आहेत, दुसऱ्या बाजूला एक. ती चोळून बघते. जात नाहीत.

ती तशीच चपला घालून निघते. हनोखमामा ओट्यावर एकटेच बसलेत. तिला पाहून उठू लागतात.

"बसा मामा. माझं चुकलं." ती म्हणते. "आणि मी फार थकलेय."

मामा सरकून जागा करतात. ती शेजारी बसते. मग त्यांची नजर तिच्या मनगटावर जाते.

"एवढं घट्ट कुणी धरलं गं?"

मामा तिचा हात आपल्या खरबरीत हातात घेतात, आणि ती तो काढून घेत नाही.